पूर्वेची नदी पश्चिमेला : पाताळगंगेचे उन्हाळी पाणी

एप्रिलअखेरीस खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या एखाद्या पुलावर उभे राहावे. आसपासचे ओढे कोरडे पडलेले असतात, पावसाला महिने उलटलेले असतात, आणि तरीही पात्रात पाणी वाहत असते. ते येते कोठून?

वाळवंटातून वाहणाऱ्या नाईलला ऐन उन्हाळ्यात पूर का येतो, हा प्रश्न हेरोडोटसलाही पडला होता. त्याचे उत्तर दूर इथिओपियातील पावसात होते. आपल्या नदीचे उत्तर बोरघाटाच्या माथ्यावर आहे.

लोणावळ्याचा बराचसा पाऊस मुळात पूर्वेचा. इंद्रायणीतून भीमेत, पंढरपुरावरून पुढे कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात, असा त्याचा मार्ग. टाटांच्या जलविद्युत कंपनीने तो वळवला. 1911 मध्ये पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण, शिरवटा येथे पाणी अडवले गेले आणि 1915 पासून ते नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीच्या जनित्रांवर कोसळू लागले. हेतू एकच : मुंबईच्या गिरण्यांना वीज. जनित्रे फिरवून झाल्यावर उरणारे पाणी पाताळगंगेत सोडले गेले आणि नदी बारमाही झाली.

त्यापूर्वी काय होते? खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधवलेला तलाव आहे. नदीकाठच्या गावाला तलाव लागावा, यातच माझ्या मते पुरेसे उत्तर आहे.

1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. ठोकरवाडी धरणातील आंध्रा नदीचे पाणी तेथून पेज नदीत आणि पुढे उल्हास नदीत येते. राजनाला कालव्यावरचे उन्हाळी भात याच पाण्यावर पिकते. खाली बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या नळांतही ते पोहोचते. पाताळगंगेच्या काठी रसायनीसारखी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तीही या पाण्याच्या भरवशावर.

तिसरा प्रकल्प मुळशीचा. तेथील 1921 चा सत्याग्रह बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. वळवलेल्या पाण्याचा हिशेब पुढे निघाला. कृष्णा पाणीतंटा लवादाने 1973 च्या निवाड्यात टाटा प्रकल्पांतून पश्चिमेस वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली : एका वर्षात 54.5 टीएमसी, सलग पाच वर्षांत 212 टीएमसी. हे पाणी भीमेला परत द्यावे, अशी मागणी दुष्काळी सोलापूरकडून होत आली आहे. इकडे खोपोलीची जनित्रे थांबली, की पाताळगंगेचे पात्र उतरू लागते.