पतसंस्था : सभासदत्वाची पात्रता
सभासदांच्या भागभांडवलावर व ठेवींवर चालणाऱ्या आणि मुख्यतः सभासदांनाच कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत कोणास प्रवेश मिळावा, यासंबंधीचे नियम. पैशाइतकेच परस्परांविषयीचे ज्ञान हेही पतसंस्थेचे भांडवल असते. ज्याच्यापाशी तारण नाही, त्याची ऐपत व सचोटी शेजाऱ्यास वा सहकाऱ्यास ठाऊक असते. म्हणून त्यास कर्ज देता येते. यामुळे सभासदत्वाचे वर्तुळ किती रुंद असावे, हा सहकारी पतपुरवठ्यातील मूलभूत प्रश्न ठरला.

जर्मनीत राइफायझेन यांनी ग्रामीण पतसंस्था गावापुरत्या मर्यादित ठेवल्या. अमेरिकेतील १९३४ च्या संघीय कायद्याने समान व्यवसाय, संघटना किंवा वस्ती यांपैकी एखादा बंध आवश्यक मानला. भारतात बडोद्यास १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानुसार अठरा वर्षांवरील किमान दहा व्यक्तींना संस्था काढता येई. त्या एकाच गावातील, शहरातील वा ग्रामसमूहातील, किंवा एकाच जमातीच्या, वर्गाच्या वा जातीच्या असाव्या लागत. ग्रामीण संस्थेत चारपंचमांश सभासद शेतकरी, तर नागरी संस्थेत तितकेच बिगरशेतकरी असणे आवश्यक होते.

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) सहकारी चळवळीस चालना मिळाली. कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना १९१३ ची आहे. मराठा, वीरशैव इ. नावांच्या येथील सहकारी बँका त्या काळच्या समाजनिहाय संघटनेची आठवण देतात. सरकारी नोकर व प्राथमिक शिक्षक यांनी व्यवसायाच्या आधारावर संस्था उभारल्या. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने पात्रतेचे स्वरूप पालटले. करार करण्यास सक्षम असलेली कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकते. मात्र उपविधींतील कार्यक्षेत्र, व्यवसाय, प्रवेश फी व भाग यांसंबंधीच्या अटी तिने पूर्ण केल्या पाहिजेत. पगारदारांच्या संस्थेत नोकरी हीच पात्रता असून हप्ता वेतनातून परस्पर कापून घेता येतो. पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय प्रवेश नाकारता येत नाही. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. अशा रीतीने प्रवेश ही संचालकांची मेहेरबानी न राहता अर्जदाराचा हक्क बनला. भाग कितीही असले, तरी सभासदास एकच मत असते. नाममात्र सभासदास मात्र मताचा किंवा नफ्यातील वाट्याचा अधिकार नसतो.

कायद्याने दार उघडले, तरी सर्वांना आत येता आले असे नाही. १९५१-५२ मध्ये देशातील ग्रामीण कर्जपुरवठ्यात सहकारी संस्थांचा वाटा सु. ३ टक्केच होता, असे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीस आढळले. समितीने जमिनीच्या मालकीऐवजी पीक हा कर्जाचा आधार मानावा, अशी शिफारस केली. तथापि गावच्या विकास सेवा संस्थेत सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यासच सहज प्रवेश मिळे. भूमिहीन मजूर आणि स्वतःच्या नावे जमीन नसलेल्या शेतकरी स्त्रिया बहुधा बाहेर राहिल्या. १९९२ पासून राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने चालना दिलेल्या बचत गटांनी हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. या गटांत जमीन वा वेतन यांपेक्षा परस्परांची ओळख व नियमित बचत हीच पात्रता मानली जाते. पतसंस्थेची मूळ कल्पनाही हीच होती.