खैरानी रोडचा व्हिडिओ आणि सीएसटीचा फोटो

आधीच सांगून टाकतो, मागे मधूनमधून घरघर ऐकू येईल, ती मेट्रोची. साकीनाक्याला खिडकी लावून रेकॉर्ड केलं तरी ती येतेच. वाचणाऱ्यांना हा त्रास नाही, ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्या.

माझ्या फोनमध्ये बावीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. त्यात धूर आहे, आगीच्या बंबाचा लाल दिवा आहे आणि बाकी सगळी माणसांची पाठमोरी डोकी. कोणाचा तरी आवाज येतो, "पीछे हटो, पीछे." बास. हा व्हिडिओ १८ डिसेंबर २०१७ चा, खैरानी रोडचा. फरसाणाच्या गाळ्याला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खैरानी रोडच्या आतल्या कंपाउंडमध्ये गाळ्याला गाळा चिकटलेला असतो. खाली काम चालतं, वर लोखंडी अँगलवर टाकलेला पोटमाळा असतो आणि काम करणारा माणूस रात्री तिथेच आडवा होतो. भाडं वाचतं, जाण्यायेण्याचं तिकीट वाचतं. त्या पहाटे आतला माळा कोसळला आणि माणसं बाहेर पडूच शकली नाहीत.

मी गेलो तेव्हा उजाडत होतं. फोन वर धरला, व्हिडिओ काढला, दोन ग्रुपवर टाकला. त्या वेळी आपण काहीतरी केलं असंच वाटलं.

बरोबर ११ दिवसांनी, २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिलमध्ये आग लागली आणि १४ जण गेले. ते फोटो तुम्हाला आठवत असतील. जळालेलं छत, बाहेर उभे नातेवाईक, पुढे कितीतरी दिवस रूफटॉप हॉटेलांवरचे हातोडे. खैरानी रोडचा एक तरी फोटो आठवतोय का? मी गेल्या महिन्यात दहाबारा जणांना विचारलं, त्यातले चौघे तर साकीनाक्याचेच. एकालाही आठवला नाही. हा भाग करायचं त्यामुळेच ठरवलं.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईत बातमीचा फोटो काढणाऱ्यांमध्ये होमाई व्यारावाला यांचं नाव पहिल्या काही नावांत येतं. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. जन्म नवसारीचा, १९१३ चा. शिक्षण आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा हातात दिला माणेकशॉ यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. १९३० च्या दशकाच्या शेवटी 'बॉम्बे क्रॉनिकल' आणि 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये त्यांचे फोटो येऊ लागले. सुरुवातीचे काही नवऱ्याच्या नावाने छापून आले, हेही लक्षात ठेवा. त्यांचे नेहरूंचे, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो सगळ्यांना माहीत असतात, पण ते दिल्लीचे. १९४२ साली त्या तिकडे गेल्या. मला आवडतात ते त्याआधीचे मुंबईचे. जे. जे.च्या वर्गातल्या मुली, बायकांच्या सहली, युद्धाच्या काळातल्या कवायती. त्यातल्या बऱ्याच दिवशी शहरात बातमी म्हणावी असं काही घडलेलं नाही. पण आज त्या मुंबईत पाय ठेवायचा तर ते फोटोच दार उघडतात.

तेव्हापासून नव्वदीच्या दशकापर्यंत धंद्याची रीत फार बदलली नाही. रोलमध्ये छत्तीस फोटो. घटनास्थळी जायचं, हिशेबाने बटण दाबायचं, ऑफिसला परत येऊन डार्करूममध्ये रोल धुवायचा, ओल्या निगेटिव्हमधून एक फ्रेम निवडायची आणि पान लागायच्या आत प्रिंट द्यायची. फोटोग्राफरच्या रात्रपाळीत अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला फोन करणं हा चहाइतकाच नेमाचा भाग असायचा. आणि फोटोमागे पेन्सिलीने लिहायचं: कोण, कुठे, केव्हा. हे पेन्सिलीचं लिहिणं विसरू नका, आपण परत तिथे येणार आहोत.

या धंद्यातली एक अडचण अगदी साधी होती, ती म्हणजे पोहोचण्याची. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल बंद, विमानतळ बंद, मोबाईलचं नेटवर्क गेलेलं. मिठी नदी आपल्याच बाजूने वाहते, तिचं काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. त्याच दिवशी साकीनाक्याला डोंगराचा भाग झोपड्यांवर कोसळला आणि सत्तरच्या आसपास माणसं गाडली गेली. एका जागी, एका दिवसात. तरीही २६ जुलै म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते छातीभर पाण्यातून चालणारं ऑफिसातलं पब्लिक आणि बुडालेल्या बेस्टच्या बस. जिथे कॅमेरा होता तिथला पूर आपल्या लक्षात राहिला. यात फोटोग्राफरना दोष देण्यात अर्थ नाही, त्या रात्री कोण कुठे पोहोचणार होतं?

गंमत बघा (शब्द चुकला, गंमत नाही ही), त्याच्या १९ दिवस आधी, ७ जुलैला, लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. तिथे धुराने भरलेल्या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशांनी स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढले आणि ते जगभर दाखवले गेले. वृत्तसंस्थांचा माणूस पोहोचायच्या आधी अडकलेल्या माणसानेच फोटो पाठवला. साकीनाक्याच्या डोंगराखाली २००५ साली किती जणांच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन असेल? अंदाज तुम्हीच करा.

आता सीएसटी. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. 'मुंबई मिरर'चे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा यांचं ऑफिस स्टेशनच्या समोर, टाइम्सच्या इमारतीत. गोळ्यांचा आवाज आला तसे ते कॅमेरे घेऊन स्टेशनात धावले आणि उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीच्या डब्याआड लपत फोटो काढले. पाठीला सॅक, हातात रायफल, चालत येणारा कसाब. हा फोटो पाहिला नाही असा माणूस मुंबईत सापडणार नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री तिथे फोटो काढले. स्टेशनात त्या रात्री पन्नासहून जास्त माणसं मेली होती.

पण मला सांगायचंय ते पुढचं. डिसेंबर २००९ मध्ये कसाबने कोर्टात कबुलीजबाब फिरवला. मी सिनेमात काम करायला आलो होतो, हल्ल्याच्या आधीच मला पकडलं होतं, असं तो म्हणाला. आणि कोर्टासमोर फोटो होते. नुसते फोटो नाही, ते काढणारी माणसं साक्षीला उभी राहिली होती. मी कुठे उभा होतो, किती वाजता, हा फोटो माझाच आहे. फोटो स्वतः बोलत नाही हो. त्याच्यामागे शपथेवर उभा राहणारा माणूस लागतो. पेन्सिलीने लिहिलेलं तेच, कोण, कुठे, केव्हा, फक्त आता कोर्टात. ६ मे २०१० ला फाशीची शिक्षा झाली, २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

म्हणून मी माझा बावीस सेकंदांचा व्हिडिओ पुन्हा उघडला. मूळ फाइल नाहीच. तो फोन २०१९ मध्ये विकला. माझ्याकडे आहे ती एका मित्राने व्हॉट्सॲपवर परत पाठवलेली कॉपी. त्यात तारीख दिसते ती त्याने पाठवल्याची. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो-व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि केव्हा-कुठे काढला ही आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच जाते, पण हे २०१७ साली मला कुठे ठाऊक होतं. गाळ्याचा दरवाजा कुठे होता, बाहेर पडायला वाट होती की नव्हती, हे दाखवणारी एक फ्रेम माझ्या हातून निघू शकली असती. मी धूर काढला, कारण धूर छान दिसत होता.

त्यानंतरच्या वर्षांत आपल्या बाजूला फोटोंची कमी नाही. २८ जून २०१८ ला घाटकोपरच्या सर्वोदय नगरमध्ये छोटं विमान कोसळलं, आतले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. प्रेसच्या बाइक पोहोचेपर्यंत व्हिडिओ आपल्या फोनवर येऊन गेले होते. १३ मे २०२४ ला छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले. पालिकेच्या नियमात ४० बाय ४० फुटांपर्यंत परवानगी, आणि हे १२० बाय १२०. त्या होर्डिंगची देशातलं सर्वात मोठं म्हणून लिम्का बुकात नोंद झाली होती! म्हणजे पडण्याआधीचा फोटो होता, मापासकट होता, आणि तो विक्रम म्हणून पाहिला गेला.

इथे मला सुधारक ओलवे आठवतात. मूळचे अकोल्याचे, अनेक वर्षं वर्तमानपत्रात फोटोग्राफर, २०१६ साली पद्मश्री. त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम ब्रेकिंग न्यूजचं नाहीच. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो ते वर्षानुवर्षं काढत राहिले. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, त्याचं घर, त्याची दारू, त्याचं कुटुंब. त्यातल्या कुठल्याही दिवशी पहिल्या पानावर जाईल असं काही घडलं नव्हतं. रोजचंच होतं. मला वाटतं, खैरानी रोडला तसा कोणीतरी १७ डिसेंबरला हवा होता, आग लागायच्या आदल्या दिवशी, पोटमाळ्याची शिडी आणि खाली ठेवलेले तेलाचे डबे एका फ्रेममध्ये घेणारा.

हे ऐकून उद्या कोणी गाळ्यांत शिरून फोटो काढायला लागलं तर दोन गोष्टी. कामगाराला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा घेऊ नका. मालकाने फोटो पाहिला तर नोकरी त्याची जाते, तुमची नाही. आणि लैंगिक अत्याचाराच्या घटनेत पीडितेची ओळख पटेल असं काहीही टाकणं हा गुन्हा आहे, लहान मुलांच्या बाबतीतही कायदा तितकाच कडक आहे. फॉरवर्ड करणाराही यातून सुटत नाही.

गेल्या रविवारी मी त्याच कंपाउंडच्या बाजूला गेलो होतो. एका गाळ्यात चहा मिळाला. वर पोटमाळा होता, चार अंथरुणं गुंडाळून ठेवलेली. मी विचारलं, फोटो काढू का? तो म्हणाला, "काढा की, पण मला नका घेऊ." मी शिडीचा काढला. मूळ फाइल ठेवली आहे, खाली तारीख आणि गल्ली लिहून.