‘अज्ञान’ नावाचा रकाना

चिखलदऱ्याला आलेला प्रवासी धुके, दरी आणि कॉफीची झाडे पाहून परततो. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने हे ठिकाण ‘शोधले’, एवढा इतिहास त्याला ठाऊक असतो. कोरकू लोक त्याआधीही येथे राहत होते, हे सहसा सांगितले जात नाही.

आरोग्यशिक्षणातील पीएच.डी.साठी मी या तालुक्यात आलो, तो मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन. मूल आजारी पडले तर प्रथम कुठे नेता? बहुतेकांचे उत्तर ‘भूमकाकडे’. भूमका म्हणजे गावचा पारंपरिक वैदू. ही उत्तरे मी ‘अज्ञान’ या रकान्यात नोंदवत गेलो.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती संथाली, मुंडारीच्या मुंडा कुळातली. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ मध्येच तिचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. शतकानंतर मी मात्र आशाताईंच्या दुभाषीपणावर विसंबून होतो.

अभ्यासाची उलटी वाट याच मेळघाटात सापडते. डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात धारणी तालुक्यातील बैरागडला आले. रुग्णांपुढे आपले ज्ञान अपुरे पडते, हे कळल्यावर ते पुन्हा शिकायला गेले आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करून परतले. प्रश्न आधी, पदवी नंतर. पुढे ते आणि डॉ. स्मिता कोल्हे शेतीकडेही वळले, कारण मुलांच्या आजारामागे उपासमार होती. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. नुसता उपदेश केला नाही. औषधही त्यांच्या हाती दिले. बालमृत्यू घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

हे सारे मी वाचले होते. तरी ते कळले एका आजीमुळे. तिच्या नातवाला पावसाळ्यात ताप आला होता. “दवाखान्यात का नेलं नाही?” मी विचारले. आशाताईंनी तिचे उत्तर मराठीत सांगितले : “रात्री नाल्याला पूर होता. भूमका शेजारी राहतो. तुम्ही कुठं नेलं असतं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी भरलेली सगळी पाने पुन्हा काढली, ‘अज्ञान’ हा शब्द खोडला आणि वर लिहिले : ‘अंतर’. मग पहिल्या घरापासून पुन्हा विचारायला सुरुवात केली.