पंचाची लायकी

‘राजीनामा’ हा शब्द कानी पडला की कोणी तरी खुर्ची सोडली, एवढाच अर्थ आज आपल्या मनात येतो. जुन्या मराठी कागदांत हा शब्द राजीखुशीचा आहे. वादी-प्रतिवादी, म्हणजे त्या वेळचे अग्रवादी आणि पश्चिमवादी, गोतापुढे उभे राहण्यापूर्वी लिहून देत, की हे पंच आम्हांस मान्य, हे करतील तो निवाडा आम्ही पाळू. वर जामीन देत. मगच तकरीर सुरू होई.

मी कान्ह्याचा मास्तर. आंदर मावळातून वडगावच्या कोर्टाला निघालेली माणसे फाट्यावर नेहमी दिसतात. काखेत पिशवी, पिशवीत सातबारा. आपला न्यायाधीश कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नसते आणि कोणी विचारीतही नाही. मध्ये नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलीने विचारले, “गुरुजी, सरपंच आपण निवडतो, मग न्यायाधीश का नाही?” वर्ग हसला. पण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने १८३२ सालीच आपले सगळे न्यायाधीश मतांवर निवडायचे ठरवले. टेक्सासात तर खालच्या पायरीच्या न्यायाधीशाला वकिलीची सनदसुद्धा लागत नाही. उमेदवार दारोदार जाऊन आपले शिक्षण, आपली नोकरी, आपले घराणे सांगतो आणि मते मागतो.

आपल्याकडे न्यायाधीश म्हटले की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. माहुलीचा हा मुलगा उशिरा शिकायला लागला, काशीस जाऊन बाळंभट्ट पायगुंड्यांच्या हाताखाली धर्मशास्त्र शिकला आणि १७५९ साली पेशव्यांचा न्यायाधीश झाला, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. (उशिरा शिकूनही माणूस कुठवर जातो, हे पाहून माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला बरे वाटते!) १७७३ मध्ये नारायणरावांच्या खुनाचा दोष खुद्द राघोबादादांवर ठेवून ते पुणे सोडून गेले. एवढी लायकी मतपेटीतून मिळत नाही, हे खरे. पण मावळातल्या कुळंब्याच्या बांधाचे भांडण रामशास्त्र्यांपर्यंत पोचायचे कसे? ते तुटायचे गावात, गोतापुढे.

या गोतात पाटील, कुलकर्णी, शेजारगावचे वतनदार आणि बलुतेदार बसत. धर्मशास्त्र पढलेले थोडे, लिहिता येणारेही थोडेच. महजरावर सह्या पाहाव्यात, तर पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. पण शीव कुठून जाते, कोणाच्या आज्याने कोणता आंबा लावला, हे त्यांना तोंडपाठ. हीच त्यांची लायकी. आणि एखाद्याला वाटले, की इथले गोत समोरच्याच्या सोयऱ्यांचे आहे, तर तो दुसरे थळ मागू शके. म्हणजे परगावच्या गोतापुढे निवाडा. हरणारा आपल्या हाताने येजितखत लिहून देई, की मी खोटा पडलो. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी.

हे सगळे गोडच होते असे कोणी समजू नये. न्याय वतनदारांचा होता. उपऱ्याचा आवाज तिथे बारीक निघे. गोतालाही कोडे सुटले नाही तर उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्य करावे लागे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे गुण मानले, तशी तिची दिरंगाईही सांगितली. पुढे १८२७ चे कायदे आले, कोर्टे आली, आणि पंचायत मागे पडली.

स्वराज्यात ती पुन्हा आली, पण वेगळ्या अंगरख्यात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावांच्या गटाला एक न्यायपंचायत दिली. तिचे पंच ग्रामपंचायतींनी निवडून द्यायचे. तिथे वकिलाला मज्जाव. दंड करता येई, तुरुंगात घालता येत नसे. कल्पना मोठी आकर्षक. तरी १९७५ साली महाराष्ट्राने ती गुंडाळली. माझ्या मते गोम एका शब्दात होती. जुना पंच निवडलेला असे, नवा निवडून आलेला. निवडून यायला निम्म्याहून एक मत जास्त पुरते, आणि उरलेल्या निम्म्यांतला एखादा उद्या त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभा राहतो. ज्याच्याविरुद्ध निकाल जायचा त्याचा राजीनामा कोणी घेतलाच नव्हता! मतपत्रिका गावाची पसंती सांगते. हरणाऱ्याची संमती तिला सांगता येत नाही.

२००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने म्हणूनच निवडणुकीचा नाद धरला नाही. तिथला न्यायाधिकारी राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमते, आणि त्याला पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याची पात्रता लागते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या पायरीच्या न्यायाधीशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची जुनी अट परत आणली. कायद्याचे ज्ञान असे मोजता येते. आंबा कोणाच्या आज्याने लावला, हे साक्षीदारांना विचारावे लागते.

आमच्या बाजूला बांधाचा वाद कोर्टात नेण्याआधी घरातले म्हातारे अजून एक प्रयत्न करून पाहतात. दोन्ही बाजू एकेक माणूस सांगतात, आणि दोघांनाही चालेल असा तिसरा शोधण्यात अर्धा दिवस जातो.