चौरसाचं कूळ

पाचवीच्या गणितात 'परिमिती व क्षेत्रफळ' हे प्रकरण येतं. बऱ्याच वर्गांत ते एका दमात उरकतं: लांबी गुणिले रुंदी, आणि उत्तरापुढे 'चौसेमी' लिहायला विसरायचं नाही. पोंभुर्णा तालुक्यातल्या पोराला सूत्र पाठ होतं, पण घरची बांधी त्यात बसत नाही. तिची एक बाजू नाल्याच्या कलानं गेलेली, दुसरीकडे धुरा मोहाच्या झाडाला वळसा घालून आलेला. यात लांबी कोणती धरायची आणि रुंदी कोणती? पोराचा प्रश्न रास्त आहे. क्षेत्रफळाच्या घराण्यात सूत्र हे शेंडेफळ. त्याच्या आधी चौरस जन्मला, आणि चौरसाच्याही आधी बियाणं.

धानाच्या मुलखात शेताचा विस्तार बियाण्यावरून सांगायची रीत जुनी. वीस कुडवांची खंडी, आणि जितकं बी तितकं शेत. या मापाला वाकड्या धुऱ्याचं काही वाटत नाही. दोन बांध्या एक केल्या की दोघींचं बी एकत्र. वाटणीत एकीचे दोन तुकडे पडले की बीही तसंच वाटलं जातं. तुकडे कसेही पाडले तरी बेरीज तीच, हा क्षेत्रफळाचा पहिला गुण इथे आपसूक सांभाळला जातो. खोट दुसरीकडे आहे. आवत्या टाकला, म्हणजे बी थेट शेतात फेकलं, तर ते जास्त लागतं; पऱ्हे टाकून रोपांची रोवणी केली तर कमी. जमीन एक आणि मापं दोन. शेतकऱ्याचं त्यावाचून अडत नाही, त्याला पेरायचं असतं. साऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्याचं अडतं.

म्हणून राजांनी आपलं माप ठरवलं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्याच्या 18व्या वर्षाचा लेख आहे. त्यात भिक्षूंना 200 निवर्तनं शेत दिल्याची नोंद आहे. सहा वर्षांनी त्याच लेण्यात दुसरा लेख खोदावा लागला: गाव ओस, शेत पडीक, म्हणून बदली 100 निवर्तनं. आपल्या विदर्भात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चमक ताम्रपटात 8000 भूमी दिल्या आहेत, आणि त्या राजाच्या मापानं मोजलेल्या, असं मुद्दाम नोंदवलंय. म्हणजे त्या काळीही गावाचं माप वेगळं आणि दरबाराचं वेगळं असणार.

भास्कराचार्यांनी 1150च्या 'लीलावती'त निवर्तनाचा आकार बांधून दिला. दहा हातांचा एक वंश, म्हणजे वेळू. वीस-वीस वेळूंच्या चार बाजूंनी बांधलेलं शेत म्हणजे निवर्तन. बांबूच्या जंगलाशेजारी वाढणाऱ्या मुलाला याहून ओळखीचं माप कोणतं द्यायचं? पुढे शिवकाळात वेळूच्या जागी पाच हात पाच मुठींची काठी आली, पण वीस काही हलले नाहीत. सभासदाच्या बखरीत बिघा येतो तो वीस काठ्या औरसचौरस, आणि असे 120 बिघे म्हणजे एक चावर.

मला या कोष्टकात सगळ्यात आवडतो तो मधला पांड. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. पाटीवर वीस बाय वीसची जाळी आखून बघा: पांड म्हणजे तिच्यातली एक अख्खी ओळ. आधी एक चौकट, मग चौकटींची ओळ, मग ओळींचा चौरस. गुणाकार या ओळीतून निघाला आणि आपण शाळेत नेमकी ही ओळच गाळतो. मूल जाळीच्या कडेकडेनं चौकटी मोजत सुटतं, कोपऱ्यातली दोनदा मोजतं, पोटातल्या विसरतं. त्याला 'एका ओळीत किती, अशा ओळी किती' एवढं विचारलं की सूत्र त्याचं त्यालाच सुचतं.

पण चौकटच का? हे सांगून पटत नाही, करून पटतं. तेंदूच्या हंगामात इथली पोरंही घरच्यांसोबत 70-70 पानांची पुडकी बांधतात. वहीचं पान तेंदूच्या पानांनी झाकायला सांगा. कुठे पान पानावर चढतं, कुठे मधून कागद दिसतो, आणि शेजारच्याचा आकडा आपल्या आकड्याशी जुळत नाही. मग पुठ्ठ्याचे सारखे चौकोनी तुकडे द्या. फट नाही, चढ नाही, भांडण नाही.

दुसरी गफलत जास्त चिवट आहे: कड तेवढंच पोट, ही. पोरंच कशाला, मोठी माणसंही शेताला फेरी मारून 'तेवढंच आहे' म्हणतात. चार बाजू ठाऊक असल्या की चौकोनाचं क्षेत्रफळ कळतं, या समजावर भास्कराचार्य चांगलेच उखडले होते. लंब किंवा कर्ण न सांगता असा प्रश्न घालणाऱ्याला त्यांनी 'लीलावती'त चक्क पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. पाठ्यपुस्तकात इतकं रोखठोक वाक्य हल्ली सापडायचं नाही.

पोंभुर्ण्याच्या वर्गात हे दाखवायला चार कामट्या पुरतात: दोन 40 सेंमीच्या, दोन 30 सेंमीच्या, कोपरे सुतळीनं सैल बांधलेले. चौकट जमिनीवर काटकोनात ठेवली की आत 1200 चौसेमी. आता एका कोपऱ्याला हळूच रेटा. कामट्या त्याच, कडेची बेरीज 140 सेंमी तीच, पण आतली माती आवळत जाते, आणि शेवटी चारही कामट्या एकीला एक चिकटतात. पोट शून्य. हे हातानं केलेलं पोर परिमिती आणि क्षेत्रफळ सहसा एकमेकांत मिसळत नाही.

जिनिव्हाच्या मानसशास्त्रज्ञ पियाजेनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1948च्या पुस्तकात गायी-कुरणाचा प्रयोग मांडला. दोन सारखी हिरवी कुरणं, दोन्हींत सारखीच घरं. एकात घरं ओळीनं चिकटून, दुसऱ्यात विखुरलेली. गायीला गवत कुठे जास्त उरलं? लहान मुलं ओळीवाल्या कुरणाकडे बोट दाखवतात. गवत दोन्हींत सारखंच; तुकडे कसेही मांडले तरी बेरीज तीच, हा पहिला गुण त्यांना अजून उमगलेला नसतो.

आता पुन्हा मापांकडे. इंग्रजांनी काठी टाकून साखळी आणली. मुंबई इलाख्यात ती 33 फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. तिचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. पोंभुर्णा ज्यात येतं तो चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा मात्र त्या इलाख्यात नव्हता. नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, पुढे मध्य प्रांत झाला, आणि इंग्रज अधिकारी लुसी स्मिथचा चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल 1869चा. इथे मालगुजारी, आणि एकराचे शंभर भाग पाडून डिसमिल सांगायची रीत. जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी मेट्रिक मापांचा कायदा झाला, आणि फ्रान्सनं 1795 मध्ये ठरवलेला दहा मीटर बाजूचा आर पुढे सातबाऱ्यावर येऊन बसला.

शाळेच्या पटांगणात दहा मीटरच्या चार दोऱ्या ताणा, कोपऱ्यांत खुंट्या ठोका. हा आर. 33 फूट म्हणजे 10.06 मीटर, म्हणून हाच जवळजवळ गुंठाही आहे; फरक 1.17 चौरस मीटरचा, वर्गातल्या एका बसकरपट्टीएवढा. पण तो एकरात 40 वेळा येतो. एकर म्हणजे 40 आर धरून चालणारा दर एकरी सुमारे 47 चौरस मीटर, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा, गमावतो. हा हिशेब पाचवीच्या पोरांना करायला दिला तर संध्याकाळी घरोघरी सातबारे बाहेर निघतील.

राहिली वाकडी बांधी. तिचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढायचा: पुऱ्या चौकटी मोजायच्या, अर्ध्याहून जास्त भरलेली एक धरायची, कमी असलेली सोडायची. चौकट जितकी बारीक, तितकी चूक कमी. 2006च्या वनहक्क कायद्याखाली, कमाल चार हेक्टरांपर्यंतच्या, वैयक्तिक दाव्यांची मोजणी झाली तेव्हा माणसं जीपीएस हातात घेऊन हद्दीवरून चालली, आणि यंत्रानं आकडा दिला. कडेनं चालून पोट कसं कळलं? यंत्र बाजूंच्या लांबीवर थांबत नाही, प्रत्येक वळणाची जागा टिपतं. भास्कराचार्यांचा आक्षेप त्याला लागू नाही. पोंभुर्ण्याला लागून असलेल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 1006 हेक्टरांवर. वीस वेळूंच्या चौरसात ते किती निवर्तनं भरतील, हे काढायला हात दीड फुटाचा धरावा; निवर्तनाची बाजू 300 फूट येते.