वर्षारंभीं प्रथम देवस्तुति



डिसेंबरच्या ३१ तारखेस मध्यरात्रीं आपल्या देवालयाची घंटा व रस्त्यावरील फटाके एकाच क्षणीं वाजूं लागतात. त्या क्षणीं मनुष्यानें प्रथम कोणाकडे वळावें, हा प्रश्न आम्हांस आजच्या काळाचा वाटतो. परंतु पवित्र ख्रिस्तसभेस तो पंधराशें वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत त्याच प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे.

जानेवारीची पहिली तारीख मूळची ख्रिस्ती नव्हे. ख्रिस्तपूर्व १५३ पासून रोमचे कॉन्सल नामक मुख्य अधिकारी ह्या दिवशीं पदारूढ होऊं लागले. महिन्याचें नांव जानुस ह्या द्विमुखी दैवतावरून पडलें. त्या दिवशीं लोक एकमेकांस भेटी देत, शकुन पाहत, सोंगें घेत व मद्यपान करीत. पुढें सम्राट ख्रिस्ती झाले, तरी ही चाल मोडली नाहीं. बाप्तिस्मा घेतलेले लोकही तींत सामील होत. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) ह्यांनीं ह्याच दिवसाविषयीं आपल्या लोकांपुढें प्रवचन केलें. इतर लोक भेटी वाटीत असतां तुम्ही गरिबांस दान करा, ते मद्यांत दंग असतां तुम्ही उपवास करा, असा त्यांच्या उपदेशाचा मथितार्थ होता.

इ. स. ५६७ मध्यें फ्रान्सांतील तूर येथें बिशपांची परिषद भरली. तिनें वर्षारंभींच्या मूर्तिपूजक चालीस पायबंद घालण्यासाठीं लितानी प्रार्थनेचे तीन दिवस ठरविले आणि पहिल्या तारखेस मिस्सा नेमून दिली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. नुसत्या निषेधानें लोक सुधारत नाहींत, हें त्या धर्माध्यक्षांस ठाऊक होतें. म्हणून जेथें गोंधळ होता तेथें त्यांनीं स्तुतिगान ठेविलें. शिवाय हा दिवस नाताळानंतरचा आठवा. संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानाप्रमाणें आठव्या दिवशीं बाळाची सुंता होऊन त्याचें येशू हें नांव ठेवण्यांत आलें. अशा रीतीनें जानुसाचा दिवस येशूनामाचा झाला.

तथापि वर्ष कोठून मोजावें, ह्याविषयीं ख्रिस्ती राष्ट्रांत पुष्कळ काळ एकवाक्यता नव्हती. फ्लॉरेन्स व इंग्लंड येथें वर्ष २५ मार्चला, म्हणजे पवित्र मरियेस देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणापासून आरंभत असे. इंग्लंडांत ही रीत १७५२ पर्यंत टिकली. ख्रिस्तसभेचें उपासनावर्ष तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं सुरू होतें. ह्यावरून दिसून येईल कीं, पंचांग बदललें तरी चालेल. आरंभ देवाचा असावा, हें मुख्य.

त्याच इंग्लंडांतून एक येशूसंघीय धर्मगुरु १५७९ मध्यें गोव्यास आले. ते फादर थॉमस स्टीफन्स. साष्टींत त्यांनीं आयुष्य वेंचलें, आपली भाषा आत्मसात केली, आणि १६१६ मध्यें त्यांचें ख्रिस्तपुराण रायतूर येथें छापून निघालें. त्यांत दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ग्रंथारंभीं मंगलाचरण करावें, ही मराठी कवींची परंपरा त्यांनीं पाळिली. मात्र स्तवन केलें तें पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा त्र्येक परमेश्वराचें. कथेच्या आधीं स्तुति, हा क्रम आपल्या भाषेस परका नाहीं, हें त्यावरून सिद्ध होतें.

आज वर्षाच्या अखेरच्या दिवशीं ‘ते देउम’ हें आभारगीत आणि पहिल्या दिवशीं ‘वेनी क्रेआतोर’ हें पवित्र आत्म्याचें आवाहन म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या सार्वजनिक प्रार्थनांत भाग घेणारांस नेहमींच्या अटींवर ख्रिस्तसभा पूर्ण दंडविमोचन देते. १९६८ पासून पहिली तारीख जागतिक शांतिदिन म्हणून पाळली जाते, आणि १९६९ च्या सुधारित पंचांगानुसार तो देवमाता पवित्र मरियेचा महोत्सव आहे.

इतका वारसा असूनही त्या रात्रींचें अखेरचें गीत संपण्यापूर्वींच मागलीं बांकें रिकामीं होतात, हें आम्हीं वेदीवरून अनेकदां पाहिलें आहे. दोष केवळ लोकांचा नाहीं. ह्या प्रार्थनांचा अर्थ आम्हीं धर्मगुरूंनीं पुरेसा समजावून दिला नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. नववर्षाचा आनंद करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. घरीं गोडधोड व्हावें, मुलांनीं हंसावें, शेजाऱ्यांस शुभेच्छा द्याव्यात. परंतु क्रम राखावा. आधीं दात्यास नमस्कार, मग दानाचा उपभोग.

महोत्सव म्हणजे सरलेल्या वर्षांची बेरीज. त्यांतील प्रत्येक वर्ष कोणा तरी वडिलांनीं गुडघे टेंकून आरंभिलें, म्हणून ही बेरीज आज आपणांस मांडतां आली. पुढील महोत्सवाची स्मरणिका जे लिहितील, त्यांनाही आपल्याविषयीं हेंच लिहितां यावें, अशी आमची प्रभूचरणीं प्रार्थना आहे.