परकी भांडवलाच्या वाटा

परकी भांडवल स्वस्त मजुरी आणि खनिज संपत्ती यांच्या शोधात हिंडते, असा सर्वसाधारण समज आहे. हिंदुस्थानच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहता हा समज अपुरा ठरतो.

१८४९ च्या करारान्वये लोहमार्गांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली. तूट आल्यास ती हिंदी करदात्याने भरावयाची होती. साहजिकच ब्रिटिश भांडवल मुंबई व कलकत्ता या दोन्ही बाजूंच्या लोहमार्गांत निःशंकपणे गुंतले. हमी नसलेल्या उद्योगांत मात्र त्याने मुख्यतः पूर्वेची वाट धरली. १८३९ साली आसाम कंपनी स्थापन झाली. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली. राणीगंजचा कोळसा आणि कलकत्त्याचे बंदर जवळ होते, हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाच्या होत्या तेथील ब्रिटिश व्यवस्थापक पेढ्या. चहाचे मळे, तागाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांचा कारभार त्यांच्याच हाती एकवटला होता. दूरच्या भागधारकाचा विश्वास प्रदेशावर नव्हे, तर आपल्या माणसांवर होता.

मुंबईत पारशी, भाटिया आदी व्यापाऱ्यांपाशी कापूस आणि चीनचा व्यापार यांतून स्वतःचे भांडवल साठले होते. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली, आणि पुढे गिरण्यांची रांगच उभी राहिली. लोखंड व कोळसा पूर्वेकडचा. पण १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात प्रयत्न निष्फळ ठरल्यावर मुंबईत भागविक्री झाली, आणि सुमारे तीन आठवड्यांत आठ हजारांच्या आसपास हिंदी भागधारक पुढे आले. खनिजांच्या सान्निध्याने लंडनला जे सुचले नाही, ते देशी विश्वासाने घडविले.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पेढ्यांनी हळूहळू आपला पसारा आवरला, आणि कलकत्त्याचा एक मोठा आधार सुटला. उलट, १९९१ च्या उदारीकरणानंतर पुणे आणि चेन्नई येथे परदेशी मोटार कारखाने आले, ते सुट्या भागांचे देशी कारखाने आणि कुशल कामगार तेथे आधीपासूनच होते म्हणून. बंदरे आणि सवलती यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि केवळ पाहुण्याच्या भरवशावर उभे राहिलेले घर पाहुणा उठताच रिते होते. ज्या प्रदेशाने आपले उद्योजक आणि कारागीर घडविले, तेथे पाहुणाही टिकतो आणि तो गेला तरी चूल विझत नाही.